डागवाले तळेकर

हिवाळा लागला, पोरांचे गाल पांढरे पडले, कोपरं खरखरीत झाली की मला तळेकर आठवतात. परवा आमच्या शेजारची नववीतली पोरगी हाताची घडी खाजवत माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजी, मेडिकलवाल्यानं ट्यूब दिलीय, लावू का? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आधी बघू, मग बोलू." बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझं नाहीच. ते तळेकरांचं आहे, आणि मी इतकी वर्षं ते फुकट वापरते आहे.

भानुदास तळेकर सरकारी कुष्ठरोग पथकात तंत्रज्ञ होते. आमचं गाव हसनाबादच्या पुढे. तिथल्या शाळेत मी शास्त्र शिकवायची. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वर्षातून दोनदा तळेकर सायकलवर यायचे आणि शाळेतल्या एकूण एक पोराचं अंग तपासायचे, कुठे डाग आहे का म्हणून. त्यांच्या हुद्द्याचं नाव गावाला झेपण्यासारखं नव्हतं, आणि त्यातला रोगाचा शब्द तोंडात घ्यायलाही लोक भ्यायचे. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणत, तेही आवाज खाली आणून. म्हणून तळेकरांचं नाव पडलं डागवाले. त्यांनाही ते माहीत होतं. मुख्याध्यापक एकदा चुकून त्यांच्या तोंडावर म्हणाले, या डागवाले साहेब! आणि मग जीभ चावली. तळेकर म्हणाले, चालतंय की सर, दूधवाला असतो, बांगड्यावाला असतो, तसा मी.

उंच, काळसर, किंचित वाकून चालणारा माणूस. सायकलच्या दांडीला खाकी पिशवी. तीत रजिस्टर, कापसाची गुंडाळी, दोन बॉलपेन आणि एक स्टीलचा पेला. पेला स्वतःचा, पाण्यालाही आणि चहालाही. मला वाटायचं माणूस सोवळ्याचा दिसतो. खरं कारण फार पुढे कळलं. हा माणूस दिवसभर रगतपितीवाल्यांना हात लावत फिरतो, त्याला आपल्या कपात चहा कसा द्यायचा, या विचारानं घरातल्या बाईचं तोंड कसंनुसं व्हायचं. ते त्यांना बघवायचं नाही. म्हणून पेला आपला आपणच पुढे करायचे.

आता मीही काही कमी नव्हते. मला किळस फार. हे मी आत्ताच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. शाळेत पाण्याचा तांब्या मी घरून न्यायची. खडूचे हात तीनदा धुवायची. कोणी शिंकलं तर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन शिकवायची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं, आणि बायका मला हसायच्या. हसू देत, मी म्हणायची, तुम्ही खा जंतू.

मुलींची तपासणी करायची तर बाईमाणूस हजर हवं, असा नियम होता. शाळेत बाई मी एकटीच. म्हणजे दर वेळी त्या खोलीत उभं राहणं माझ्याच नशिबी. मी दारापाशी उभी राहायची, नाकाला पदर लावून. तळेकर ते बघायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. "आधी बघू, मग बोलू," म्हणत पोराला उन्हात उभं करायचं, कारण वर्गातल्या अंधारात डाग दिसत नाही. ऊन तिरपं पाहिजे, म्हणून ते सकाळीच यायचे. डाग सापडला की पहिला सवाल, खाजतं का? हाच त्यांचा रामराम होता म्हणा ना. पोरगं म्हणालं हो, खाजतं, की तळेकरांचा चेहरा मोकळा व्हायचा. "मंग भ्यायचं काम न्हाई. कातडं जागं हाय तुझं," असं म्हणायचे. रगतपितीचा डाग खाजत नाही. तिथं शिवलेलं कळत नाही, टोचलेलं कळत नाही, घाम येत नाही. जो डाग गप्प असतो त्याची त्यांना काळजी. मग कापसाची बारीक वात करायची, पोराला डोळे मिटायला लावायचे, वातीनं डागाला हलकंच शिवायचं आणि कुठं शिवलं तिथं पोरानं बोट ठेवायचं. पोरं बेरकी. एकदा त्यांनी कोणाला शिवलंच नाही, नुसते उभे राहिले, तरी तिघांनी बोटं ठेवली. तुम्ही तिघं पुढारी होणार, म्हणाले.

शंभर पोरांत एखादाच डाग त्यांच्या कामाचा निघायचा. बाकीचे ज्याचे त्याचे. गालावरचे पांढरट, कोंड्यासारखे पापुद्रे येणारे चट्टे बघून आया म्हणायच्या पोटात जंत झाले. तळेकर म्हणायचे, जंत पोटात, चट्टा गालावर, एवढा प्रवास त्यांनी कोणत्या यष्टीनं केला? कातडं कोरडं पडलंय, उन्हानं आजूबाजूचं काळवंडलं म्हणून ते पांढरं दिसतं, तेल लावा. बोटांच्या बेचक्यात खाज असेल आणि घरात सगळेच खाजवत असतील तर ती खरूज, मग औषध सगळ्या घराला एकदम. कडा वर आलेलं गोल कडं असेल तर नायटा. आणि कोपराच्या आतली घडी, गुडघ्यामागची लवण, मान, मनगट इथं कोरडं, लालसर, खाजून जाड झालेलं असेल तर इसब. इसब दिसलं की पुढचा सवाल, घरात दमा कोणाला आहे? पोरगं चकित व्हायचं, कारण आजीला नाहीतर मामाला दमा असायचाच. म्हणजे हे तुझ्या घरातूनच आलंय, याचं बोट लागून त्याला होत नाही, असं ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचे.

हे बघायचं काम पगारात नव्हतं. रगतपिती नाही एवढं लिहून पुढच्या पोराकडे वळले असते तरी चाललं असतं. मी एकदा म्हणाले, साहेब, तुम्ही उगाच वेळ घालवता. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि ते स्वतः बारा वर्षांचे होईपर्यंत कळपामागे फिरले. रोज संध्याकाळी लोकर बाजूला सारून एकेक मेंढरू बघायचं. मेंढराला सांगता येत नाही, ते खांबाला अंग घासतं, त्यावरून ओळखायचं. आणि तेरा-चौदा वर्षांचं पोरगंही सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. ते बाकाला पाय घासतं. तर तळेकर वर्गात आले की आधी बाकांकडे बघायचे. मी दहा वर्षं त्याच वर्गात शिकवत होते, मला कधी दिसलं नव्हतं.

लोकांचे उपचार मात्र अंगावर काटा आणणारे. बॅटरीच्या सेलमधली काळी भुकटी, तंबाखूचं पाणी, शाई. आठवीतल्या एका पोराच्या गुडघ्यामागे इसब होतं. त्याचा काका जालन्याला एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये. त्यानं मिलमधलं जळकं तेल बाटलीत भरून आणलं आणि पोराला लावलं. पायाची पार कणीक झाली. तळेकरांनी सुट्टीवर आलेल्या काकाला शाळेत बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं की हे तेल कशाला वापरतात. काका म्हणाला, बेअरिंगला. तळेकरांनी पोराचा पाय वर केला, गुडघा फिरवून दाखवला आणि म्हणाले, याच्यात कितव्या नंबरचं बसवलंय? काका हसला, मग ओशाळला. आणि त्या दिवशी तळेकरांनी दहावीपर्यंतच्या सगळ्या पोरांना अंगणात बसवून आंघोळ शिकवली. हो, आंघोळ. कडक पाणी नको, कोमट घ्या. कपड्याच्या साबणाची वडी अंगाला लावू नका. दगडानं घासू नका. अंग टिपा, खसाखसा पुसू नका, आणि ओलसर आहे तोवरच खोबरेल चोळा, वाळल्यावर लावाल तर बिलकुल उपयोग न्हाई. नखं काढा. लोकरीचा स्वेटर आत सुती सदरा घालूनच. आणि मेडिकलमधून कोणतीबी ट्यूब मनानं आणू नका, नायट्याला चुकीची ट्यूब लागली की नायटा पोसतो. मलम डॉक्टर जितके दिवस सांगेल तितकेच दिवस.

आता त्यांच्या कामाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गावात रगतपितीचा रोगी असला तर त्याला महिन्याच्या महिन्याला गोळ्या द्यायला जावं लागायचं. पण डागवाला ज्या दारात थांबला त्या दाराची सोयरीक संपली, हे साऱ्या पंचक्रोशीचं गणित. म्हणून तळेकर कधीही एका घरी जायचे नाहीत. गल्लीत शिरले की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक दारात थांबायचे. प्रत्येक ठिकाणी तेवढाच वेळ, तेच चार प्रश्न, रजिस्टरमध्ये तेवढंच लिहिणं. त्यातल्या कोणत्या घरात गोळ्यांची पुडी दिली ते देवाला ठाऊक. एका माणसासाठी तीस उंबरे चढायचे. कोणी विचारलं, गावात कोणाला हाय का हो, तर उत्तर एकच, कोणालाच न्हाई.

सुनंदा दहावीत होती. रामरावांची थोरली पोरगी. रामराव म्हणजे दहा एकर कोरडवाहू, सरळ माणूस पण भित्रा, लोक काय म्हणतील याच्या पलीकडे त्याची नजर जायची नाही. सुनंदा हुशार. तिला डी.एड. करायचं होतं आणि ते तिनं सातवीतच मला सांगून ठेवलं होतं. तिच्या दोन्ही हातांच्या घडीत आणि मानेवर इसब होतं, आजीला दमा. तळेकरांनी ते दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. पण त्या हिवाळ्यात ते फार पेटलं. खाजवून खाजवून कातडं फुटलं, पाणी सुटलं, पू झाला. रात्रीची झोप नाही, आणि पेन धरून हात मुडपला की वेदना. सराव परीक्षेत अर्धा पेपर सोडून ती उठली. तळेकरांनी तिला बापाबरोबर जालन्याला सरकारी दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी लिहून दिलेलं एक मलम मात्र त्या दिवशी कुठं मिळेना.

पुढच्या रविवारी तळेकर स्वतःच्या कामासाठी जुन्या जालन्यात गेले होते, पोराच्या लग्नाचे कपडे घ्यायला. तिथं एका दुकानात त्यांना ते मलम दिसलं. परीक्षा दीड महिन्यावर आलेली. त्यांनी ते घेतलं, यष्टीनं हसनाबादला उतरले, कोणाची तरी सायकल मागून घेतली आणि तडक सुनंदाच्या दारात गेले. मलम दिलं, कसं लावायचं ते सांगितलं, ओट्यावर बसून घोटभर पाणी प्यायले आणि दहा मिनिटांत परत फिरले.

एकाच दारात. रविवारी. खाकी पिशवीसुद्धा नव्हती हातात.

पुढे त्यांनी मला सांगितलं, "बाई, मी त्या दिवशी कामावर नव्हतो. माझ्या मनात मी डागवाला नव्हतोच. पोरीला औषध द्यायला चाललेला एक माणूस व्हतो." पण गावाला ते कसं कळावं? गावाला एवढंच दिसलं की डागवाला सुट्टीच्या दिवशी, गल्लीतलं दुसरं एकही घर न घेता, धावतपळत रामरावांकडे आल्ता. म्हणजे दुखणं केवढं मोठं असेल!

मंगळवारपर्यंत सगळं झालं. हापशावर बायका तिच्या घागरीनंतर दांडा धुवायला लागल्या. वर्गात तिच्या शेजारची मुलगी दुसऱ्या बाकावर सरकली. आणि मी? मी शास्त्राची पदवीधर, मुलांना जंतू कसे पसरतात ते फळ्यावर काढून दाखवणारी. तळेकरांनी माझ्यासमोर दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की हे इसब आहे. तरी मी बुधवारी सुनंदाला म्हणाले, तू जरा दाराजवळ एकटी बस, हवा लागेल जखमांना. ती दप्तर उचलून गेली. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. आज हे लिहिताना माझी मान खाली जाते.

शनिवारी ती आलीच नाही. रामरावांनी तिची शाळा बंद केली होती. तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला कोणी बिजवर होता, दोन लेकरांचा, तिकडे अजून बातमी पोचली नव्हती. तिथं पोचायच्या आत पोरगी उजवून टाकायची असं ठरत होतं. पंधरा दिवसांत.

तळेकरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते आले, आणि मी त्या माणसाला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहिले आणि सांगितलं की पोरीला रगतपिती नाही. लोकांनी ऐकून घेतलं. नंतर एकमेकांना म्हणाले, तो नाहीच म्हणणार, त्याला सरकारनं तसंच शिकवलेलं असतं, आजवर कधी हो म्हणाला का? खरंच होतं ते. ज्यांना होती त्यांच्यासाठीही ते हेच वाक्य बोलत आले होते. त्यांनी डॉक्टरांचा कागद आणून दाखवला. कागदाचं काय, लोक म्हणाले, कागद मिळतो. ते रामरावांच्या ओट्यावर बसून सुनंदाच्या हातची भाकर सगळ्यांदेखत खाऊन आले. लोक म्हणाले, त्याचं काय, तो तसल्यांच्यातच असतो.

मग ते माझ्या घरी आले. बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, बाई, पोरगी उद्यापासून शाळेत येईल, बापाच्या पाया पडून मी आठ दिवस मागून घेतलेत. तिला दिवसातून तीनदा तेल चोळायचं आहे. दुपारचं तेल तुम्ही चोळायचं. मधल्या सुट्टीत, शाळेच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, तुमच्या हातानं.

मी म्हणाले, मी का? तुम्ही चोळा, नाहीतर तिची आई चोळेल.

"माझ्यावर कोणी विश्वास ठेवत न्हाई, कारण मी भेत न्हाई. तुम्ही किती भेता ते समद्या गावाला माहीत हाय. म्हणून तुम्हीच पाहिजे."

माझ्या आयुष्यात इतका अपमान आणि इतकी विनंती एकाच वाक्यात मला कोणी केली नव्हती. मला राग आला. मी म्हणाले की माझ्या घरी लहान लेकरू आहे. मग हळूच विचारलं, साहेब, अगदी खरं सांगा, रगतपिती नाहीच ना?

"न्हाई. आणि असती तरी मी तुम्हाला हेच काम सांगितलं असतं," तळेकर म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुनंदा खोबरेलाची बाटली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. सगळी शाळा बघत होती. मास्तर लोक दारात आले होते. मी ओट्यावर बसले, तिला बसवलं आणि हातावर तेल घेतलं. तेवढ्यात सुद्धा एकदा वाटलं, घंटा व्हावी. मग तिचा हात धरला. उन्हात वाळत घातलेल्या कुरडईसारखं ते कातडं खरखरीत होतं आणि त्याला ताप आल्यासारखं गरम लागत होतं. कडेला नखांचे ओरखडे. मी बोटं लावली तशी तिनं डोळे मिटले. दुखतं का गं, मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई बाई. लई दिवसांनी कोणी हात लावला." मला पुढचं काही दिसेना. मी तेल चोळत राहिले.

घरी जाऊन मी पाच वेळा हात धुतले. ते पण सांगते. सासूबाईंनी लेकराला माझ्याकडे येऊ दिलं नाही, नवरा दोन दिवस बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तीन वेळा धुतले. चौथ्या-पाचव्या दिवशी तेल चोळून झालं, सुनंदा प्रकाशाच्या परावर्तनाचं काही तरी विचारत होती, मी सांगत सांगत डबा उघडला आणि खायला लागले. अर्धी पोळी संपल्यावर लक्षात आलं की हात धुतलेच नाहीत. सुनंदाच्याही लक्षात आलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मी उरलेली अर्धी पण खाल्ली.

रामराव रोज कुंपणापलीकडे येऊन उभे राहायचे, बैलाचा कासरा हातात धरून, जणू सहज चाललेत. सहाव्या दिवशी नववीतली एक मुलगी ओट्यापाशी आली, बाही वर केली आणि म्हणाली, बाई, मला पण. तिच्या घडीतही तसंच होतं, दोन हिवाळे तिनं लांब बाह्यांखाली दडवलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. मग मी म्हणाले, मी काय तेलीण आहे का, चोळा एकमेकींना. तर त्या बसल्या चोळत. सुनंदाची जुनी शेजारीण आपल्या बाकावर परत आली. आठव्या दिवशी रामराव कुंपण ओलांडून आत आले आणि खाली बघत म्हणाले, बाई, परीक्षा होऊ द्या, मंग बघू.

मग बघायची वेळ आलीच नाही. मलमानं आणि तेलानं तिचे हात सुकले, ती पेपरला बसली, चांगल्या मार्कांनी पास झाली, डी.एड.ला गेली. इसब मुळातून गेलं असं नाही. ते दर हिवाळ्यात थोडं डोकं वर काढतं, तिलाही ते आता कळतं.

तळेकर त्यानंतरही आमच्या शाळेत येत राहिले. तीच सायकल, तोच सवाल. पण रामरावांच्या गल्लीत शिरले की तिसाच्या तीस उंबऱ्यांवर चढायचे, आणि रामरावांच्या दारात दुसऱ्यांपेक्षा कमीच थांबायचे. सुनंदाचं नाव घेऊन त्यांनी मला कधीही काही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं तर ऐकायचे आणि म्हणायचे, बराबर.

सुनंदाचं लग्न झालं तेव्हा ती भोकरदन तालुक्यातच मास्तरीण होती. नवराही शिक्षक, तिनं स्वतः बघून हो म्हटलेला. लग्न आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर. अक्षता पडल्या, पंगती बसत होत्या, आणि मला रस्त्यापलीकडे पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून तळेकर उभे दिसले. डोक्यावरचे केस पार पांढरे झालेले. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. मी धावत गेले, म्हणाले, चला की आत.

ते म्हणाले की पत्रिका आली होती, राहवलं नाही म्हणून आलो, पण आत यायचं नाही. नवरदेवाच्या गावात त्यांनी सात वर्षं काम केलं होतं. वऱ्हाडातले निम्मे लोक त्यांना तोंडानं ओळखतात. डागवाला नवरीच्या मांडवात कशाला आला, असा सवाल आला तर? "मी एकदा चुकलो बाई. पुन्हा न्हाई. पोरगी दिसली, झालं माझं."

ते बरोबर बोलत होते. मी वळले तर सुनंदा रस्ता ओलांडून येत होती. शालू सावरत, हातभर हिरव्या बांगड्या, आणि दोन्ही घडींत हळदीमुळे पुन्हा लाल झालेले चट्टे उघडे. मागे नवरा, त्याच्यामागे त्याचे चुलते आणि दोन-चार वऱ्हाडी, नवरी कुठं चालली म्हणून. ती तळेकरांच्या पाया पडली. चुलत्यांनी विचारलं, हे कोण पाव्हणे? तळेकर घाईघाईनं म्हणाले, कोणी न्हाई, मी आपला वाटसरू.

सुनंदानं त्यांचं मनगट धरलं.

"हे डागवाले तळेकर साहेब. माझ्या हाताला इसब हाय, हे बघा. गावानं त्याला रगतपिती म्हणलं व्हतं. हे नसते तर मी आज दुसऱ्याच घरी असते. चला साहेब, पंगत बसून राह्यली."

नवरा म्हणाला, मला माहीत आहे सगळं, चला साहेब. आणि दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून मांडवात आणलं. पंगतींतल्या माना वळल्या होत्या. मी मागून चालले होते. तळेकरांना त्यांनी मधल्या पंगतीत बसवलं आणि सुनंदा स्वतः वाढायला वाकली.

तेवढ्यात समोरच्या पंगतीतून वऱ्हाडातला एक म्हातारा उठला. पांढरं धोतर, फेटा, चांगला प्रतिष्ठित गडी. तो पंगत ओलांडून तळेकरांसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रामराम साहेब. वळखलं का?"

तळेकरांनी वर पाहिलं. मी शेजारीच होते, मला त्यांचे डोळे दिसले. त्यांनी ओळखलं होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "मी तुम्हाला कधी बघितलं न्हाई."

म्हातारा हसला. मागे वळला आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या मी यांच्या हातच्या. माझ्या बायकोला सोडून कोणाला ठावं न्हाई." मग आपली पत्रावळ उचलून आणली आणि तळेकरांच्या शेजारी मांडी घातली.

पंगतीतले दोघं उठले आणि लांब जाऊन बसले. बाकीचे जागच्या जागी राहिले. वाढपी भाताची परात घेऊन आला, क्षणभर घुटमळला आणि दोघांना भात वाढून पुढे गेला. तळेकर मान खाली घालून जेवत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. ते पुसत नव्हते. म्हातारा मात्र मजेत जेवला. जेवून उठल्यावर त्यानं तळेकरांना हात दिला, आणि दोघं गिरणीसमोरून यष्टीच्या थांब्याकडे बोलत गेले, भर गावातून, अगदी मोठमोठ्यानं.